दुर्बिणीची दृष्टी कोठवर पोचते?



चौथीच्या वर्गात सूर्यमालेचा पाठ चाललेला असतो. ग्रहांची नावे फळ्यावर लिहून झालेली असतात, मुले ती एका सुरात म्हणत असतात, आणि मध्येच मागच्या ओळीतून प्रश्न येतो, ‘‘गुरुजी, दुर्बिणीतून किती लांबचं दिसतं?’’ प्रश्न विचारणारा मुलगा बहुधा पाठांतरात मागे असणारा असतो. वर्ग क्षणभर स्तब्ध होतो. मग शिक्षकाकडून दोहोंपैकी एक उत्तर मिळते. एक म्हणजे ‘‘पुष्कळ लांबचं, आकाश अनंत आहे.’’ दुसरे म्हणजे कोठेतरी वाचलेला एक प्रचंड आकडा. पहिल्या उत्तराने प्रश्न मिटत नाही, केवळ मुलगा गप्प बसतो. दुसरे उत्तर त्याहून बरे, परंतु या विषयातील आकडे दुधासारखे असतात, ते फार दिवस टिकत नाहीत. शिवाय दोन्ही उत्तरांत एक गोष्ट राहून जाते. प्रश्नाच्या पोटात एक चुकीची समजूत दडलेली आहे, आणि ती काढल्याखेरीज कोणताही आकडा मुलाच्या मनात नीट बसत नाही.

ती समजूत अशी की, तोफेला जसा पल्ला असतो तसा दुर्बिणीलाही असतो. अमुक दुर्बीण अमुक कोसांपर्यंत पाहते, त्यापलीकडे तिची नजर थकते. वस्तुतः नजर कोठेही जात नाही. दूरच्या वस्तूकडून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत येतो. तो पुरेसा आला तर वस्तू दिसते, अपुरा आला तर दिसत नाही. रात्री पलीकडच्या डोंगरावरील धनगराच्या वाड्यावर कंदील लागला तर तो तीन-चार मैलांवरून दिसतो. पण त्याच अंधारात वीस पावलांवर उभा असलेला माणूस दिसत नाही. डोळा तोच, रात्र तीच. फरक आहे तो येणाऱ्या प्रकाशाचा.

म्हणून नुसत्या डोळ्यालाही तसा पल्ला नाही. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटरांवर आहे, आणि तो पाहण्यास कोणास दुर्बीण लागत नाही. त्याहून कितीतरी दूरचे तारे खेड्यातील अंगणातून हजारोंनी दिसतात. आणि ज्याचे शिक्षकांसही आश्चर्य वाटेल अशी गोष्ट म्हणजे, देवयानी तारकासमूहात जो अंधुक पांढुरका ठिपका आहे, तोही निरभ्र काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांनी दिसतो. इराणी ज्योतिषी अल् सूफी याने इसवी सन ९६४ च्या सुमारास, म्हणजे दुर्बिणीचा शोध लागण्याच्या साडेसहाशे वर्षे आधी, आपल्या ग्रंथात त्याची ‘लहानसा ढग’ अशी नोंद केली आहे. त्या ठिपक्याचे अंतर २५ लाख प्रकाशवर्षे आहे. तेव्हा मागच्या ओळीतील मुलास पहिले उत्तर असे देता येते की, ‘‘बाळ, तुझ्या डोळ्यांनाच पंचवीस लाख प्रकाशवर्षे दूरचं दिसतं, मग दुर्बिणीचं काय विचारतोस!’’

मग दुर्बीण करते तरी काय? ‘दूरचे जवळ आणते’ असे पाठ्यपुस्तकी उत्तर आहे. दोन मैलांवरच्या देवळाचा कळस पाहताना ते चालते. ताऱ्यांच्या बाबतीत ते दिशाभूल करते. दुर्बिणीचे मुख्य काम प्रकाश गोळा करणे हे आहे. हे मुलांना दाखविण्यास पावसाळ्यासारखी प्रयोगशाळा नाही. अंगणात भुरभूर पाऊस पडत असताना एक तांब्या आणि एक परात शेजारी शेजारी उघड्यावर ठेवावी, आणि पाव तासाने दोहोंतील पाणी एकाच मापाने मोजावे. पाऊस दोघांवर सारखाच पडला. तोंड ज्याचे रुंद, त्यात पाणी अधिक. तोंडाची रुंदी दुप्पट झाली तर पाणी चौपट येते आणि दहापट झाली तर शंभरपट, हा वर्गाचा हिशेबही मोठ्या मुलांना येथेच समजतो.

माणसाच्या डोळ्याची बाहुली गडद अंधारात फार तर ७ मिलिमीटर उघडते. हे आपले तांब्याचे तोंड. गॅलिलिओने १६०९ साली आपल्या हातांनी भिंगे घासून दुर्बीण तयार केली. तिच्यातून वस्तू सुमारे वीसपट मोठी दिसे. आजच्या मानाने ते खेळणेच. पण त्या खेळण्यातून त्याने कृत्तिकांकडे पाहिले, तेव्हा जेथे डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात तेथे आणखी चाळिसांहून अधिक तारे असल्याचे त्याला आढळले. ते तारे दुर्बिणीने जवळ आणले नव्हते. त्यांचा प्रकाश रोजच पृथ्वीवर पडत होता. तो पुरेसा गोळा करील असे भांडे तेवढे नव्हते.

पुढे भिंगांच्या ऐवजी अंतर्गोल आरसे आले, कारण मोठे भिंग कडेवरच तोलून धरावे लागते व आपल्याच वजनाने वाकते. आरशास पाठीमागून आधार देता येतो. अमेरिकेत माउंट विल्सन पर्वतावर १९१७ साली १०० इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभी राहिली. डोळ्याच्या बाहुलीच्या सव्वा लाखपटीहून अधिक प्रकाश ती गोळा करते. त्यानंतर पालोमार पर्वतावर १९४८ साली २०० इंची दुर्बिणीचे उद्घाटन झाले. तिच्या बाबतीत हाच आकडा पाच लाखांवर जातो. या एका आरशाची काच १९३४ साली ओतली गेली आणि दुर्बीण चौदा वर्षांनी तयार झाली, यावरून त्या कामाची कल्पना यावी.

भांडे रुंद करणे हा एक उपाय झाला. दुसरा उपाय म्हणजे ते जास्त वेळ पावसात ठेवणे. डोळ्याला ही सोय नाही. तो क्षणोक्षणी आलेला प्रकाश खर्चून टाकतो, साठवीत नाही. एखाद्या अंधुक ठिपक्याकडे रात्रभर टक लावून पाहिले तरी तो पहिल्या क्षणाहून उजळ दिसत नाही. छायाचित्राच्या काचेवर मात्र प्रकाश तासन्‌तास साठत जातो. ज्योतिषशास्त्रात गेल्या दीडशे वर्षांत जी मजल मारली गेली तिचे निम्मे श्रेय दुर्बिणीच्या शेवटी डोळ्याऐवजी ही काच, आणि अलीकडे तिच्या जागी विजेवर चालणारे टिपण-यंत्र, बसविण्यास द्यावे लागेल. मोठमोठ्या दुर्बिणींतून आज कोणी डोळा लावून पाहत नाही, हे ऐकून मुले हिरमुसतात; पण ते खरे आहे.

आता प्रकाशवर्षाविषयी. हा शब्द ऐकून तो काळ मोजण्याचे माप आहे असे मुलांना, आणि कित्येकदा मोठ्यांनाही, वाटते. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. चंद्रावरून तो सव्वा सेकंदात येतो, सूर्यावरून सव्वाआठ मिनिटांत. वर्षभरात तो जेवढे अंतर तोडतो ते एक प्रकाशवर्ष, म्हणजे जवळजवळ साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. गावाकडे ‘‘तालुका किती लांब?’’ असे विचारल्यावर ‘‘एसटीने तासाभराचा’’ असे उत्तर मिळते. त्या जातीचे हे माप आहे.

पण या मापामुळे एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. जे दिसते ते आजचे नव्हे. व्याधाचा तारा ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे. चौथीतल्या नऊ वर्षांच्या मुलाला तो आज ज्या प्रकाशाने दिसतो तो प्रकाश, तो मुलगा पाळण्यात असताना तेथून निघाला. कृत्तिका सुमारे ४४० प्रकाशवर्षांवर आहेत. त्यांचा जो प्रकाश आज पोचतो तो निघाला तेव्हा पैठणास एकनाथ महाराज हयात होते आणि शिवछत्रपतींचा जन्म व्हावयाचा होता. आणि देवयानीतील त्या ठिपक्याचा प्रकाश निघाला तेव्हा आजच्यासारखा माणूस पृथ्वीवर नव्हताच. ‘किती लांबचे दिसते’ आणि ‘किती जुने दिसते’ हे दोन प्रश्न अशा रीतीने एकच होऊन बसतात. ही गोष्ट मुलांना आकड्यांपेक्षा लवकर पटते, कारण जुन्या पत्राचा अनुभव घरोघर असतो. पत्र आज वाचले तरी त्यातली खुशाली पाठविणाऱ्याच्या त्या दिवसाची असते.

एवढे झाल्यावर वर्गातील एखादा चौकस मुलगा विचारतोच, ‘‘पण गुरुजी, तिथे तर कुणी गेलं नाही, मग हे अंतर मोजलं कुणी?’’ हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होय, आणि नेमका तोच पाठ्यपुस्तकांतून गाळलेला असतो. त्यामुळे आकडे हे श्रद्धेचे विषय होऊन बसतात. वास्तविक मोजण्याची पहिली रीत हाताच्या बोटावर दाखविण्यासारखी आहे. हात लांब करून बोट उभे धरावे आणि एकदा उजवा, एकदा डावा डोळा मिटून त्याकडे पाहावे. मागच्या भिंतीवर बोट इकडून तिकडे सरकल्यासारखे दिसते. बोट जवळ आणले तर अधिक सरकते, लांब नेले तर कमी. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्यामुळे सहा महिन्यांनी ती आपल्या कक्षेच्या पलीकडच्या टोकास जाते. ही दोन टोके म्हणजे जणू तीस कोटी किलोमीटर अंतरावरचे दोन डोळे. त्या दोन ठिकाणांहून पाहिले असता जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या मानाने किंचित सरकलेला दिसतो. बेसेल या जर्मन ज्योतिषाने १८३८ साली हंस तारकासमूहातील एका अंधुक ताऱ्याचे हे सरकणे मोजले व त्याचे अंतर सुमारे दहा प्रकाशवर्षे ठरविले. आजचा आकडा ११.४ आहे. पहिल्या प्रयत्नास हे फारच चांगले म्हटले पाहिजे.

परंतु फार दूरचा तारा इतका कमी सरकतो की ते मोजता येत नाही. तेथे दुसरी वाट हवी होती. ती अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत अल्प वेतनावर छायाचित्रांच्या काचा तपासण्याचे काम करणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिट या विदुषींनी दाखविली. काही तारे ठराविक दिवसांनी उजळतात व मंदावतात. दक्षिणेकडील मॅजेलनच्या लहान मेघात असे अनेक तारे आहेत. तो मेघ फारच दूर असल्यामुळे त्यातील सगळे तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत, असे धरता येते. लेव्हिटबाईंनी त्यांपैकी पंचवीस तारे निवडले आणि १९१२ साली असे दाखवून दिले की, ज्या ताऱ्याचा फेरा लांब, तो अंगचा अधिक तेजस्वी. वरवर पाहता ही किरकोळ गोष्ट. पण तिचा अर्थ असा की, ताऱ्याच्या उजळण्या-मंदावण्याचे दिवस मोजले की तो किती वातीचा दिवा आहे हे कळते; आणि दिव्याचे खरे तेज माहीत असले म्हणजे तो किती मिणमिणता दिसतो यावरून त्याचे अंतर काढता येते.

त्या काळी देवयानीतील ठिपका हा आपल्या आकाशगंगेतच असलेला एक वायूचा मेघ की आकाशगंगेसारखीच ताऱ्यांची स्वतंत्र वसाहत, यावर जाणत्यांत मोठा वाद होता. अशा स्वतंत्र वसाहतीस आता दीर्घिका म्हणतात. १९२३ च्या ऑक्टोबरात एडविन हबल याने माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीने त्या ठिपक्याचे छायाचित्र घेतले. त्यात त्याला एक तारा सापडला. आधी तो क्वचित एकाएकी भडकून विझणाऱ्या नवताऱ्यांपैकी असावा असे वाटून त्याने काचेवर तशी खूण केली. जुन्या काचांशी ताडून पाहिल्यावर तो ठराविक दिवसांनी उजळणारा निघाला. हबलने आधीची खूण खोडली आणि शेजारी ‘बदलता’ या अर्थाचा शब्द उद्गारचिन्हासह लिहिला. लेव्हिटबाईंच्या नियमाने हिशेब केला तेव्हा अंतर सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे आले. आपल्या आकाशगंगेच्या पार पलीकडे. १९२५ च्या १ जानेवारीस हा निष्कर्ष विद्वत्सभेपुढे वाचण्यात आला आणि विश्व हे एका आकाशगंगेपुरते आहे ही कल्पना त्या दिवसापासून मागे पडली. लेव्हिटबाई १९२१ सालीच वारल्या होत्या.

वाचकांच्या ध्यानात आले असेल की वर देवयानीचे अंतर २५ लाख प्रकाशवर्षे सांगितले आणि येथे ९ लाख. ही छपाईची चूक नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लॉस एंजेलिस शहरात दिवेबंदी होती. शेजारच्या पर्वतावरील आकाश त्यामुळे पुष्कळ काळोखे झाले, आणि वॉल्टर बाडे या ज्योतिषाने त्याच १०० इंची दुर्बिणीने देवयानी दीर्घिकेच्या मध्यभागातील तारे सुटे सुटे टिपले. त्या कामातून पुढे असे निष्पन्न झाले की उजळणारे-मंदावणारे तारे एका जातीचे नसून दोन जातींचे आहेत, आणि दोहोंस एकच माप लावले गेले होते. १९५२ साली रोम येथील परिषदेत बाडेने हे जाहीर केले. देवयानीचे अंतर एका दिवसात दुपटीवर गेले आणि त्याबरोबर इतर सर्व दीर्घिकांचेही. पुढील सुधारणांनी ते २५ लाखांवर स्थिर झाले आहे. म्हणजे १९३५ साली एखाद्या शिक्षकाने ९ लाख हा आकडा मुलांकडून घोकून घेतला असेल तर त्या मुलांना सतरा वर्षांनी तो पुसावा लागला. पण बोट सरकवून दाखविणाऱ्या आणि दिव्याचा दाखला देणाऱ्या शिक्षकाच्या मुलांना काहीच पुसावे लागले नाही.

येथवरचा प्रवास पर्वतशिखरांवरून झाला. पण पर्वतावरही डोक्यावर हवा असतेच, आणि ती सतत हलत असते. ताऱ्यांचे लुकलुकणे म्हणजे हवेचेच हलणे. म्हणून दुर्बीण हवेच्या वर नेण्याचा घाट घालण्यात आला. हबलचे नाव दिलेली २.४ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण २४ एप्रिल १९९० रोजी अवकाशात सोडण्यात आली. पहिली चित्रे आली ती अस्पष्ट. तपासाअंती असे आढळले की आरसा अत्यंत काटेकोरपणे घासला गेला होता, पण चुकीच्या आकारात. कडेला सुमारे दोन हजारांश मिलिमीटर जादा घासला होता. केसाच्या जाडीचा हा जेमतेम पन्नासावा हिस्सा. १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी वर जाऊन तिला जणू चष्मा बसविला, आणि मग ती उत्तम पाहू लागली.

या दुर्बिणीने १९९५ च्या डिसेंबरात जे केले ते मुलांना अवश्य सांगावे. सप्तर्षींच्या परिसरात जेथे काहीच नाही असा आकाशाचा एक तुकडा निवडण्यात आला. पाच मीटरांवर धरलेल्या ज्वारीच्या दाण्याआड झाकला जाईल एवढाच तो तुकडा. त्या रिकाम्या जागेकडे दुर्बीण दहा दिवस रोखून ठेवली गेली. एवढ्या मोलाच्या यंत्राचा वेळ असा दवडावा काय, अशी शंका अनेकांना होती. चित्रे जुळवून पाहिली तेव्हा त्या दाण्याएवढ्या जागेत सुमारे ३००० दीर्घिका निघाल्या. ताऱ्यांची संख्या ही नव्हे. ही ताऱ्यांच्या वसाहतींची संख्या आहे.

त्याहून दूर जाण्यात एक निराळीच अडचण होती. हबल आणि इतरांच्या वेधांवरून १९२९ पर्यंत हे स्पष्ट होत आले होते की दूरच्या दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत, कारण त्यांच्यामधील अवकाशच पसरत आहे. या पसरण्याने वाटेवरचा प्रकाशही ताणला जातो. ताणला गेला म्हणजे निळा तांबड्याकडे झुकतो, आणि फारच ताणला गेला तर तांबड्याच्याही पलीकडे जाऊन डोळ्यास न दिसणारी उष्णतेची किरणे बनतो. ती टिपण्यासाठी दुर्बीण स्वतः अतिशय थंड असावी लागते. नाहीतर तिच्याच अंगची ऊब तिला आंधळे करील. जेम्स वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजी सोडण्यात आली ती यासाठीच. तिचा आरसा ६.५ मीटरांचा, अठरा षट्‌कोनी तुकड्यांचा व सोन्याचा पातळ मुलामा दिलेला आहे. ती पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरांवर, भल्यामोठ्या छत्रीच्या सावलीत, शून्याखाली सव्वादोनशे अंशांहूनही अधिक थंडीत काम करते.

या दुर्बिणीच्या साहाय्याने २०२५ साली जाहीर झालेल्या एका दीर्घिकेचा प्रकाश विश्वाच्या आरंभानंतर अवघ्या २८ कोटी वर्षांनी निघालेला आहे. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे धरले जाते. तेव्हा तो प्रकाश १३५० कोटी वर्षे वाटचाल करून येथे पोचला, आणि वाटेत पंधरापट ताणला गेला. वर्गातील प्रश्नाचे, आकड्यांत मागितलेले, त्या सालचे उत्तर हेच. मात्र येथे शिक्षकाने एका घोटाळ्यापासून सावध राहावे. काही पुस्तकांत या दीर्घिकेचे अंतर १३५० कोटी प्रकाशवर्षे दिलेले आढळेल तर काहींत ३३०० कोटींहून अधिक. दोन्ही आकडे आपापल्या परीने बरोबर आहेत. रबराच्या फितीवरून मुंगी चालत असता कोणी ती फीत ताणीत राहिले, तर मुंगी या टोकास पोचेपर्यंत तिचे निघण्याचे ठिकाण तिच्या चालीच्या हिशेबाहून कितीतरी लांब गेलेले असते. पहिला आकडा मुंगीच्या चालीचा, दुसरा फितीच्या आजच्या लांबीचा. फीत आणि एक पेन्सिलीची खूण एवढ्यावर हे दाखविता येते.

असे विक्रम मोडतात, तसे काही वेळा खोटेही ठरतात. २०२२ साली सर्वांत दूरची म्हणून गाजावाजा झालेली एक दीर्घिका, तिच्या प्रकाशाचा वर्णपट नीट तपासल्यावर, २०२३ साली पुष्कळच जवळची निघाली. वर्तमानपत्रांत पहिली बातमी मोठ्या अक्षरांत आली होती. दुसरी फारशी कोणी वाचली नसावी.

डोळ्यास न दिसणाऱ्या किरणांचा विषय निघालाच आहे तर पुणे जिल्ह्यातील एका यंत्राचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे, द्राक्षांच्या आणि कांद्याच्या शेतांमध्ये, तारांच्या जाळीच्या प्रचंड थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. प्रत्येक थाळी ४५ मीटर व्यासाची, आणि अशा एकूण तीस. काही एका ठिकाणी दाट, बाकीच्या तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. रेडिओलहरी टिपणारी ही दुर्बीण डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिली. तिला काच नाही, आरसा नाही. रेडिओलहरी लांब असल्यामुळे जाळीच आरशाचे काम करते. अवकाशातील हायड्रोजन वायू २१ सेंटिमीटर लांबीची लहर सोडतो. २०२३ च्या जानेवारीत जाहीर झाले त्यानुसार, सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेली ही लहर खोडदच्या थाळ्यांनी टिपली. तोवर ती ताणून ४८ सेंटिमीटरांची झाली होती. ती इतकी क्षीण होती की मध्ये असलेल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम केले म्हणूनच ती ऐकू आली. एसटीच्या खिडकीतून त्या थाळ्या हजारो माणसे पाहतात. त्या काय ऐकत आहेत हे त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असते.

आणि शेवट कोठे? दुर्बिणीची दृष्टी एका ठिकाणी खरोखर अडते, आणि ती आरसा लहान पडल्यामुळे नव्हे. विश्व आरंभी इतके तापलेले व दाट होते की प्रकाश त्यातून सरळ जाऊ शकत नसे; पहाटेच्या दाट धुक्यात कंदिलाचा उजेड जसा तेथल्या तेथे विखरून जातो तसा. सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी ते धुके निवळले आणि प्रकाश मोकळा झाला. तो अजून येत आहे. १९६४ साली अमेरिकेत न्यू जर्सी येथे पेन्झियस व विल्सन हे दोघे एका मोठ्या कर्ण्याच्या आकाराच्या आकाशकाने काम करीत असता त्यांना एक बारीक खरखर ऐकू येऊ लागली. दिशा बदलली, ऋतू बदलला, तरी ती जाईना. कर्ण्यात कबुतरांनी घरटे केले होते. ते काढले, घाण खरवडली, खरखर कायम. ती त्या मोकळ्या झालेल्या पहिल्या प्रकाशाची होती, ताणून ताणून रेडिओलहर झालेली. १९७८ साली दोघांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. प्रकाशाने पाहणाऱ्या कोणत्याही दुर्बिणीस, ती कितीही मोठी बांधली तरी, त्या धुक्याच्या भिंतीपलीकडचे दिसणार नाही. त्या भिंतीचे आजचे अंतर सुमारे ४५०० कोटी प्रकाशवर्षे भरते.

शाळेत दुर्बीण नाही ही सबब या पाठास लागू नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात अमावास्येच्या आगेमागे, रात्री आठ-साडेआठच्या सुमारास, पालकांच्या संमतीने मुलांना पटांगणावर जमवावे. ग्रामपंचायतीस सांगून शाळेजवळचे रस्त्यावरचे दिवे अर्धा तास मालवून घ्यावेत. काळोखे आकाश ही खेड्यातील शाळेस शहरातील शाळेहून अधिक मिळालेली एकमेव शैक्षणिक साधनसामग्री असेल. डोळे अंधारास सरावण्यास वीस मिनिटे लागतात, तोवर बॅटरी पेटवू देऊ नये. प्रथम पूर्वेस कृत्तिकांचा झुबका दाखवून प्रत्येकाने मोजलेले तारे वहीत लिहून घ्यावेत. संख्या सारखी येणार नाही, ती तशीच राहू द्यावी. मग डोक्याच्या किंचित उत्तरेस भाद्रपदांचा मोठा चौकोन शोधावा. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातील ताऱ्यापासून पुढे गेले असता पहिला ठळक तारा लागतो. तेथून शर्मिष्ठेच्या दिशेने वळावे, दोन मंद तारे ओलांडावेत, आणि दुसऱ्याच्या शेजारी पाहावे. थेट पाहू नये, डोळ्याच्या कोपऱ्याने पाहावे. धुराचा ठिपका दिसल्याचे पहिले मूल सांगेल तेव्हा बाकीच्यांना घाई करू नये. काहींना तो दिसण्यास पाच-दहा मिनिटेही लागतात. दिवसा मात्र भिंग अथवा दुर्बीण सूर्याकडे रोखण्यास मुलांना सक्त मनाई असावी.